बँकर कसाऱ्यालाच जोडायचा

ताई,
मी ५१ वर्षांची. सिडकोत राहते, शाळेत गणित शिकवते. चाळिशी उलटल्यावर सायकल हातात घेतली. रोज पहाटे त्र्यंबक रोडला २५-३० किलोमीटर होतात, दोनदा नाशिक-पंढरपूर सायकलवारीही केली. गेल्या फेब्रुवारीत पहिल्यांदाच २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत (लांब पल्ल्याची, ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकल फेरी) नाव घातलं. नाशिकहून कसारा घाट उतरून आसनगावपर्यंत जायचं आणि परत. सकाळी सहाला निघालो, आसनगावला मी १० वाजून २० मिनिटांनी पोहोचले. सगळे म्हणाले, बाई आज फॉर्मात आहेत. परतीला घाटात दोन वळणं चढले आणि पायांनी जबाब दिला. दुपारचा एक वाजला होता, १४२ किलोमीटर झाले होते. हे गाडी घेऊन मागेच होते. सायकल कॅरिअरवर चढवली आणि घरी आलो. आधीच सगळ्यांना सांगून बसले होते, त्यामुळे आठवडाभर स्टाफरूममध्ये जायला नको वाटायचं.

आता जानेवारीत त्याच रस्त्यावर पुन्हा ब्रेव्हे आहे. परतीचा कंट्रोल, म्हणजे वेळेत पोहोचून कार्डावर शिक्का घ्यायचं ठिकाण, घोटीला, १६० किलोमीटरवर. मी नाव घातलंय. हे रेल्वेत लोको पायलट होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. म्हणतात, 'मी मागे येणारच. कसाऱ्याला आमच्या गाडीलासुद्धा घाट चढायला मागून ढकलणारा बँकर लागायचा, तुला लागला तर कमीपणा कसला? आणि ते सायकलपटू महाजन बंधू, त्यांच्या मागे गाडी नव्हती का?' ग्रुपमधले म्हणतात, मागे गाडी दिसली तर बाद करतील. ह्यांना नको म्हणवत नाही. आणि खरं सांगते, गाडी मागे नसेल या विचाराने माझ्याच पोटात गोळा येतो. काय करू?
— अर्ध्या घाटातून परतलेली

बाई,

(गणिताच्या शिक्षिकेला याहून वेगळी हाक मला मारता यायची नाही.) तुमचं पत्र पहिल्यांदा नुसतं वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. सहाला निघालात म्हणजे साडेसात वाजेपर्यंत. तुम्ही गाडीत बसलात तेव्हा एक वाजला होता. हातात साडेसहा तास, समोर ५८ किलोमीटर. हे उदाहरण तुम्ही नववीच्या फळ्यावर लिहिलं असतं तर मागच्या बाकावरच्या पोरानेही विचारलं असतं, बाई, यात अडचण कुठे आहे?

पुढचं मी करून पाहिलं. समजा घाटातल्या एखाद्या सावलीत तुम्ही ४० मिनिटं आडव्या झाल्या असतात. एक चाळीसला उठून उरलेला आठेक किलोमीटरचा घाट सायकल हातात धरून, ताशी चारच्या चालीने चढला असतात, तर तीन चाळीसला वर. तिथून घोटी दहा किलोमीटर, रमतगमत चार वीसला. कंट्रोल बंद होण्याची वेळ ताशी १५ च्या हिशोबाने काढतात, म्हणजे १६० किलोमीटरला दहा तास चाळीस मिनिटं, घड्याळात चार चाळीस. वीस मिनिटं राखून कार्डावर शिक्का. पुढच्या ४० किलोमीटरला तीन तास दहा मिनिटं. ब्रेव्हेत सायकल हातात धरून चालायला कोणतीही बंदी नाही, आडवं व्हायलाही नाही. या प्रकाराचं माहेर फ्रान्स. तिथली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ मध्ये सुरू झाली, आता दर चार वर्षांनी होते. १२०० किलोमीटर, कमाल ९० तास. २०१९ मध्ये तिला सहा हजारांवर सायकलस्वार होते आणि त्यातले कितीतरी रस्त्याकडेच्या गवतात हेल्मेट उशाला घेऊन झोपतात. त्यांना कोणी डीएनएफ, म्हणजे अर्ध्यात सोडलेले, म्हणत नाही, घड्याळ बघून उठले म्हणजे झालं.

मग हे गणित तुम्हाला, गणित शिकवणाऱ्या बाईला, घाटात का सुचलं नाही? कारण दीड किलोमीटर मागे एक गाडी होती आणि तिच्यावर रिकामं कॅरिअर होतं. चढावर थकलेलं डोकं सर्वांत जवळचं दार शोधतं. तुमचं दार चाकांवर तुमच्या मागून येत होतं. गाडी नसती तर तुम्ही दगडावर बसला असतात, रडला असतात, दोन घोट पाणी प्यायला असतात आणि करण्यासारखं दुसरं काहीच नाही म्हणून चालायला लागला असतात. लांब पल्ल्याची सायकल चालवणारे निम्मे लोक निम्म्या वेळा याच कारणाने पोहोचतात. त्यात शौर्य फारसं नसतं.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. बँकरची उपमा मला फार आवडली, आणि त्यांचं उत्तर तिच्यातच आहे. थळ घाटाचा, म्हणजे कसाऱ्याच्याच रेल्वे घाटाचा, चढ १ ला ३७ असा (३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर), भारतातल्या मुख्य मार्गांवरच्या सर्वांत कडक चढांपैकी. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात. पण ती इगतपुरीला सुटतात! कल्याणपासून मागे लागत नाहीत आणि नाशिक रोडपर्यंत येत नाहीत. उभ्या हयातीत त्यांनी असा बँकर पाहिला नसेल जो सपाटीवर दीड किलोमीटर अंतर ठेवून, मध्येच हॉर्न देऊन विचारतो, 'बरं आहे ना?' हे त्यांना तुम्ही सांगू नका, हा मजकूर वाचायला द्या.

महाजन बंधूंचं म्हणाल तर डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हा त्यांच्यामागे गाडी होतीच. असावीच लागते. त्या शर्यतीत रात्री सायकलस्वाराच्या मागे गाडी असणं हा नियम आहे, आणि क्रूशिवाय तिथे उभंही करत नाहीत. ब्रेव्हेचा नियम बरोबर उलटा. रस्त्यावर मदतीची गाडी नाही, मदत घ्यायची ती फक्त कंट्रोलवर. एक कुस्तीचा आखाडा, एक कबड्डीचं मैदान. एकातला डाव दुसऱ्यात चालत नाही. तेव्हा ग्रुपवाले बरोबर सांगतात. गेल्या फेब्रुवारीत तुम्ही पोहोचला असतात तरी कोणी बोट दाखवलं असतं तर कार्ड गेलं असतं. त्या दृष्टीने अर्ध्यातून परतलात तेच बरं झालं म्हणायचं. हे जरा कडू वाटेल, पण लिहायला हवं होतं.

'फक्त कंट्रोलवर' हे दोन शब्द मात्र नीट वाचा. घोटी हा कंट्रोल आहे. तिथे त्यांनी यावं, खुशाल यावं. त्याबद्दल शेवटी बोलू.

कारण गाडी हे तुमच्या हरण्याचं दुसरं कारण होतं. पहिलं तुम्हीच पत्रात अभिमानाने लिहिलंय: आसनगाव, १० वाजून २० मिनिटं. शंभर किलोमीटर चार तास वीस मिनिटांत, म्हणजे सरासरी २३. त्र्यंबक रोडवर एकट्या असताना तुमची सरासरी काय असते? माझा अंदाज १८ ते २०. वरचे तीन ते पाच किलोमीटर कुठून आले? थोडे घाटाच्या उतारावर, बाकी उसने. सहाला हेल्मेटं, दिवे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेटं एका रांगेत सुटतात, पाथर्डी फाटा मागे पडेपर्यंत सगळ्यांच्या अंगात आलेलं असतं. पुढच्याच्या चाकामागे बसलं की वारा तो कापतो आणि आपल्याला वाटतं, आज पाय काय चाललेत! ड्राफ्टिंगने जोर वाचतो हे खरं, पण वेग त्याचा असतो, तुमचा नाही. त्याच्या मागे टिकण्यासाठी प्रत्येक लहान चढावर तुम्ही दमाच्या वर गेलात आणि विल्होळीपासून घोटीपर्यंत असे चढ मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. त्याची वसुली घाटात झाली, व्याजासकट.

सायकलवारीने तुम्हाला ही सवय लावली असणार. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, पण तीन दिवसांत, शेकडो माणसं, पुढे-मागे टेम्पो, पंक्चर काढणारा बरोबर, संध्याकाळी जेवण तयार, आणि थकलात की कोणीतरी 'ज्ञानोबा माउली' सुरू करतं आणि चढ संपतो. वारीत गर्दी तुम्हाला वाहून नेते, तिथे गर्दीबरोबरच राहायचं असतं. ब्रेव्हेतली गर्दी घोटीपर्यंतची. पुढे तुम्ही, रस्ता आणि कंटेनर. म्हणून या वेळी पहिल्या तासात मुद्दाम मागे पडा. अगदी शेवटच्या चारात. ताशी १९ च्या पुढे काटा गेला की पाय सैल सोडा. शंभराला १२ वाजून ४० मिनिटांपर्यंत मुदत आहे, तुम्ही ११ ला पोहोचलात तरी खिशात शंभर मिनिटं असतील. लोक ओलांडून जातील, काहीजण 'चला बाई, चला' म्हणतील. हसायचं. त्यातले तीन तुम्हाला घाटात भेटतील.

खाण्याबद्दल तुम्ही पत्रात अवाक्षर लिहिलं नाहीत, त्यावरूनच काय ते कळलं. आधी पोटोबा, मग विठोबा ही म्हण वारकऱ्यांच्या मुलखातलीच आहे. माझ्या पहिल्या २०० ला मी सिन्नरचा घाट चहा-बिस्किटावर चढले आणि खूप हुशार वाटून घेतलं. पुढे तासाभराने हँडल धरलेले हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे रस्ता पांढरा दिसायला लागला आणि उगीचच सगळ्यांचा राग यायला लागला. रसवंती दिसली तिथे सायकल अक्षरशः टाकली. उसाचे तीन ग्लास प्यायले. वीस मिनिटांनी माणसात आले तेव्हा रसवंतीवाला विचारत होता, 'बाई, घरून भांडून आलात का?' पायांतला साखरेचा साठा दोनेक तासांच्या मेहनतीत आटतो आणि भूक लागल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून भुकेची वाट बघायची नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका केळ्यात साधारण २५ असतात. एक केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू, पुढच्या तासाला गूळ-तुपाची पोळी गुंडाळलेली, मग दोन-चार खजूर. अर्ध्या तासाचा गजर लावा, वाजला की एक घास. आसनगावला भरल्या ताटावर बसू नका आणि मिसळीचं नाव काढू नका. नाशिककराला हे सांगणं जिवावर येतं, पण तर्री आणि घाट यांचं जमत नाही. मिसळ रविवारी, पदक मिळाल्यावर.

जानेवारीत सहाला निघताना बोटं गोठतात, तहान लागत नाही. आणि तासाभरापूर्वी शेकोटीची आठवण येत होती असं वाटेपर्यंत तुम्ही घाटाखाली, दमट, तापलेल्या हवेत असता. तेव्हा पाणी घाट उतरण्याआधीपासून प्यायचं आणि एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. जॅकेट घडी होऊन खिशात जाईल असंच घ्या.

तुमच्या यजमानांना करण्यासारखं खरं काम आदल्या दिवशी आहे. मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या इगतपुरीला थांबवून ब्रेक तपासल्याशिवाय घाटात सोडत नाहीत, हे त्यांना मी शिकवायला नको. तीच तपासणी तुमच्या सायकलची त्यांनी करावी. ब्रेक पॅड किती उरलेत, केबल सैल आहे का, टायरमध्ये काच रुतलीय का. आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर चेन नीट चढते का ते दहा वेळा बघा, घाटात तोच गिअर लागणार आहे. मग दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरून तुम्ही स्वतः मागचं चाक काढा, ट्यूब बदला, हवा भरा, चाक बसवा. त्यांनी हात पाठीमागे बांधून बघायचं. दोनदा. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, दुसऱ्यांदा वीस मिनिटं. गाडी मागे नसण्याची जी भीती तुम्हाला वाटते, तिचा अर्धा भाग याच ट्यूबमध्ये आहे. दोन स्पेअर ट्यूब, टायर लिव्हर, पंप. मी एकदा दोन ट्यूब घेऊन पंप घरी विसरले होते, वाडीवऱ्हेजवळ तास घालवला.

उतरताना जुन्या घाटात ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाआधी दाबा आणि वळणात सोडा. हात हँडलच्या खालच्या भागावर, नजर पुढच्या वळणावर, ट्रकच्या मागे चिकटायचं नाही. समृद्धीच्या बोगद्यातून मोटारी हा घाट काही मिनिटांत संपवतात, पण तिथे सायकलला मज्जाव आहे, त्यामुळे आपल्या नशिबी वळणं आणि माकडं. माकडं असतात तिथे केळं बाहेर काढू नका.

बायकांनी बायकांना सांगायची गोष्ट. पॅडेड शॉर्टच्या आत काहीही घालायचं नसतं, शिवण घासते आणि १५० किलोमीटरनंतर बसवत नाही. दुकानदार हे सांगत नाही, नवऱ्याला माहीत नसतं. आणि बाथरूम मिळणार नाही म्हणून पाणी कमी पिणं हा आपल्या सगळ्यांचा जुना रोग. पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह असावंच लागतं, किल्ली मागायला लाजू नका. आदल्या रविवारी गाडीने हा रस्ता फिरून या, हे चालवतील, आणि कुठला पंप बरा आहे ते कागदावर लिहून ठेवा. गेल्या वेळी तुम्ही किती पाणी प्यायलात हे मी विचारत नाही.

आता भीतीचा उरलेला अर्धा भाग, आणि तो खोटा नाही. सूर्य सहाच्या सुमारास मावळेल. तुम्ही साडेसातपर्यंत रस्त्यावर असाल तर शेवटचा तास-दीड तास अंधारात, शहराकडे परतणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत. यजमानांना जे दिसतं ते हेच आहे, त्यांनी आयुष्यभर रात्रीचा रूळ पाहिलाय. म्हणून पुढचा दिवा रस्ता दिसेल इतका तेज, मागे एक नाही, दोन लाल दिवे, जॅकेट घातलेलंच. घोटीला तुमच्याच वेगाची दोन माणसं शोधा आणि तिथून त्यांच्याबरोबर या. सकाळी ज्यांच्या मागे धावायचं नव्हतं, संध्याकाळी त्यांची सोबत हवी. यात विसंगती नाही, अंधारात तीन दिवे एका दिव्यापेक्षा ट्रकवाल्याला लवकर दिसतात. पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक घुसवू नका, खड्डा दिसला की हाताने दाखवा. फोनवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. त्याला नियमाची हरकत नाही आणि ह्यांना नकाशावर ठिपका सरकताना दिसेल. सिग्नल बघत बसायची त्यांना सवय आहेच.

चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, गुडघ्यात सुरी फिरावी तसं होत असेल, किंवा अंधार पडून दिवा बंद पडला असेल, तर थांबायचं. आयोजकांना फोन, मग घरी. तिथे गणित मांडायचं नाही. पण नुसते पाय संपले असतील, रडू येत असेल, 'कशाला या वयात' असं वाटत असेल, तर आधी खायचं, दहा मिनिटं बसायचं, आणि घड्याळ व अंतर कागदावर लिहून भागाकार करायचा. ताशी किती लागतंय? उत्तर बहुधा दहा-बाराच्या खाली येईल.

स्टाफरूमचं काय करायचं? या वेळी सांगू नका. सोमवारी बसताना तुम्ही 'आई गं' म्हणालात की त्यांना आपोआप कळेल.

आणि घोटी. यजमानांनी दोनच्या आधी यायचं नाही, कंट्रोलच्या ठिकाणी थांबायचं, घाटाकडे गाडी काढायची नाही. डब्यात दहीभात, त्यात मीठ जरा जास्त, कोरडे मोजे, थर्मासमध्ये चहा. पंधरा मिनिटं. 'जमेल ना?' हा प्रश्न विचारायचा नाही, किती वाजले एवढंच सांगायचं; वेळ सांगण्यात लोको पायलटचा हात कोण धरणार? मग तुम्ही निघालात की त्यांनी दुसऱ्या रस्त्याने, किंवा याच रस्त्याने पण तुमच्या बरंच पुढे, सरळ नाशिकला जाऊन शेवटच्या कंट्रोलवर उभं राहायचं. एक अट मात्र माझी. शनिवारी रात्रीच गाडीवरचं सायकलचं कॅरिअर काढून माळ्यावर टाकायचं.